पुरुषाच्या डोळ्यांतलं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

चरकसंहितेत शरीराचे तेरा वेग, म्हणजे आपोआप येणाऱ्या ऊर्मी, सांगितलेत, ज्या अडवायच्या नाहीत. शिंक, जांभई, भूक, तहान, झोप... आणि त्याच यादीत अश्रूसुद्धा! डोळ्यांतलं पाणी दाबून धरलं तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, चक्कर, असं बरंच मागे लागतं, असं चरक बजावतात. त्यावर उपाय? झोप, मद्य आणि मनाला आवडणाऱ्या गप्पागोष्टी. मद्याचं ज्याचं त्यानं बघावं. गंमत म्हणजे लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग मात्र आवरा, असंही तिथंच लिहिलंय. दुःखात वाहून जाऊ नका, पण रडू आलं तर रडा. मला तर हा भेद फार शहाणपणाचा वाटतो.

नाट्यशास्त्रानं अश्रूंना आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातली भावना अंगावर उमटवणाऱ्या लक्षणांत बसवलं, घाम आणि रोमांचांच्या पंगतीला. मन एकाग्र झाल्याशिवाय नटाला ते साधत नाहीत. पुढे भक्तिमार्गात हीच लक्षणं भक्ताची खूण ठरली.

आणि इथं आपला सोलापूर जिल्हा येतो. ज्ञानदेवांच्या समाधीवरचे पंढरपूरच्या नामदेवांचे अभंग वाचून बघा, संतमंडळींचा शोक आवरत नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. देवळाच्या आत ज्याला पाऊल टाकू दिलं नाही, त्या सोबत्यासाठीचा हा शोक होता, आणि तो चारचौघांत केलेला.

मग 'बायकांसारखा रडतोस काय', हे गल्लोगल्ली ऐकू येणारं दटावणं कुठून आलं? डार्विननं १८७२ च्या भावनांवरच्या ग्रंथात नोंदवलंय, की इंग्रज पुरुष अतितीव्र दुःखाशिवाय सहसा रडत नाहीत. युरोपात काही भागांतले पुरुष मात्र सहज रडतात. म्हणजे पाणी डोळ्यांचं, पण ते कुणी, कधी काढायचं हे समाज ठरवतो. आपल्याकडं पूर्वी अगदी मोकळीक होती असं मी म्हणणार नाही. पण साहेबाच्या शाळेनं आणि कवायतीनं ही शिस्त घट्ट केली असावी, असा माझा कयास.

आषाढीला पंढरपुरात बघा. घरी पोराला दटावणारा बाप विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवून हुंदके देत असतो. मागचा हसत नाही. "माउली, पुढं सरका," एवढंच म्हणतो.