चांदणीची मुदतवाढ

(दृश्य : लायसन्सचा वरचा उजवा कोपरा, अगदी जवळून)

ही सोनेरी चांदणी बघा. अमेरिकेत लायसन्स दाखवून देशातल्या देशात विमानात बसायचं, तर ती हवी. याला म्हणतात ‘रिअल आयडी’. शेजारी ठेवलंय ते साधं लायसन्स. गाडी दोन्हींवर चालवता येते.

11 सप्टेंबर 2001 च्या 19 अपहरणकर्त्यांपैकी एक सोडून सगळ्यांनी अमेरिकेतलंच कुठलं ना कुठलं ओळखपत्र मिळवलं होतं. चौकशी आयोगाने त्यावर बोट ठेवलं आणि मे 2005 मध्ये ‘रिअल आयडी’चा कायदा झाला. तोही युद्धखर्च आणि त्सुनामीच्या मदतीच्या विधेयकाला शेपटासारखा जोडून. मुदत दिली मे 2008 ची.

(दृश्य : पडद्यावर एकेक तारीख उमटते, पुसली जाते)

लायसन्स देतात राज्यं. त्यांनी हात वर केले. हुकूम वॉशिंग्टनचा आणि खर्च आमचा का? 2007 मध्ये मेन राज्याने नकाराचा ठराव केला, मोंटाना राज्याने तर तसा कायदाच केला. मुदत सरकत गेली. आधी 2009 ची अखेर. मग मे 2011. मग जानेवारी 2013. पुढे विमानप्रवासासाठी सरसकट सक्ती ठरली 1 ऑक्टोबर 2020 पासून, तर कोविड आला आणि कार्यालयांना कुलपं लागली. 2021. 2023. शेवटी 7 मे 2025.

(दृश्य : रांग)

न्यू जर्सीतलं एक लायसन्स कार्यालय. मुदत तोंडावर आलीय. जन्मदाखला किंवा पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्त्याचे दोन पुरावे. या फायलीत विवाहनोंदणीचा दाखला सगळ्यात वर आहे. नाव बदललं असेल, तर जन्मदाखल्यापासून आजच्या नावापर्यंत प्रत्येक बदलाला कागद लागतो. घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झालं, तर तेही कागद. पुरुषांच्या फायली पातळ दिसताहेत, त्या उगीच नाही. आणि आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. काही घरांत तर पहिलंही. एक कागद कमी पडला की पुन्हा अपॉइंटमेंट.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनाही चांदणी मिळते, पण मुक्कामाच्या परवानगीपुरतीच. खरं तर विमानतळावर भारतीय पासपोर्ट चालतो. इतक्या वर्षांत तारीख हलवायला सवड होती, हे नीट सांगायला नव्हती.

(निवेदन थांबते. रांगेतले चेहरे, खिडकीवरून परत फिरणारी माणसं.)

7 मेच्या आदल्याच दिवशी तेव्हाच्या अंतर्गत सुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगून टाकलं, की चांदणी नसली तरी जादा तपासणी करून जाऊ देऊ. फेब्रुवारी 2026 पासून मात्र चालणारं ओळखपत्र नसेल, तर ओळख पटवून घेण्याचे 45 डॉलर. तेही दहा दिवसांपुरते.