भुकटीने आवरलेले डांबर

पणजीजवळच्या या पुलावर रात्रीची वाहतूक थांबवून काम चालू आहे. डांबर तापवणाऱ्या कुकरमधून ओतला जाणारा काळा, चकचकीत लगदा म्हणजे मास्टिक अस्फाल्ट, म्हणजेच डांबर आणि दगडाची भुकटी यांचे दाट मिश्रण. सुमारे 170 ते 210 अंश सेल्सिअस तापमानाला तो स्वतःच्याच वजनाने पसरतो, त्यामुळे त्यावर रोलर फिरवावा लागत नाही, आणि गुडघे टेकून बसलेले हे कामगार लाकडी थापीने केवळ त्याची पातळी राखतात.

तो पाण्यासारखा धावत का नाही, याचे उत्तर कुकरशेजारच्या गोण्यांत आहे. त्यांत चुनखडीची भुकटी असून तिचे बहुतेक कण 75 मायक्रॉनच्या चाळणीतून खाली उतरतात. द्रवात थोडेसे गोल कण मिसळले, तर घनफळात कणांचा वाटा दर एक टक्क्याने वाढला की चिकटपणा, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, अडीच टक्क्यांनी वाढतो, असे आइन्स्टाइनचे सूत्र सांगते. मास्टिकमध्ये मात्र कण इतके दाटीने भरलेले असतात की हे सूत्र फार तोकडे पडते. कणांमधल्या पोकळीत अडकलेले डांबर वाहण्याच्या कामी येत नाही, हे रस्त्यांच्या डांबरातील भुकटीचा अभ्यास करणारे रिग्डेन यांनी 1947 मध्ये दाखवले. म्हणूनच वजनाने सारख्याच दोन भुकट्या एकाच डांबराला निरनिराळी चाल देऊ शकतात.

प्रयोगशाळेतल्या या काचेच्या नळीत 60 अंशांवर निर्वाताने डांबर वर खेचले जात आहे. दोन खुणांमधले अंतर कापायला लागलेल्या सेकंदांवरून त्याचा चिकटपणा ठरतो. चिकटपणावरून ठरणाऱ्या डांबराच्या ग्रेडपैकी व्हीजी-30 साठी तो 2400 ते 3600 पॉइज (चिकटपणाचे एकक) असावा लागतो. ही चाचणी निव्वळ डांबराची आहे, रस्त्यावर वाहणाऱ्या मिश्रणाची नव्हे. ग्रेडची चौकशी सगळे करतात, भुकटीची मात्र फारसे कोणी करत नाही, आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे.

डांबराला काळही कळतो. वेगाने जाणाऱ्या चाकाखाली ते लवचिक घनासारखे वागते, तर चढावर रांगणाऱ्या खनिजाच्या ट्रकखाली तेच हळूहळू बाजूला सरकते. मग चाकोऱ्या पडतात, पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि दुचाकी घसरतात.

हा थर गरम असतानाच डांबराने माखलेली खडी त्यात दाबली जाते, कारण भुकटीने भरलेला पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि खडीशिवाय टायरला पकड मिळत नाही.