अर्जात रागाचा रकाना नसतो

(सावंतवाडीतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. सावंतवाडीत व्याख्यानाला उभं राहायचं म्हणजे माझी पंचाईतच आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलंय, आणि एक सर तर असे आहेत की त्यांनी मला नागरिकशास्त्रात पस्तीस गुण दिले होते. नेमक्या त्याच विषयावर मी आज बोलणार आहे. कार्यवाहांनी विषय दिला तो असा: सरकारवर रागावून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणारी माणसं. मी म्हटलं, मी साधी ग्रंथपाल आहे, मला राजकारणातलं काय कळतं? ते म्हणाले, पण तू तिकडे असतेस ना!

तर तिकडे, म्हणजे इंग्लंडात स्विंडनजवळच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात, टेबलाच्या अलीकडे बसून मला जे दिसलं तेवढंच सांगते.

23 जून 2016 ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न. 51.9 टक्के लोक बाहेर पडा म्हणाले, 48.1 टक्के राहा म्हणाले. शुक्रवारी सकाळी निकाल लागला आणि शनिवारी वाचनालय उघडलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका. डोळे सुजलेले. मला वाटलं घरात कुणी गेलं. तर म्हणाल्या, 'माझ्या आजीचा जन्मदाखला शोधून दे. ह्या देशात मला आता राहायचं नाही.'

आजी आयरिश. आयर्लंडचा कायदा असा आहे की तुमच्या आजी-आजोबांपैकी एक जण जरी आयर्लंड बेटावर जन्मलेला असेल, तरी तुम्ही परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिक होऊ शकता. बेटावर म्हणजे कुठेही, उत्तर आयर्लंडसुद्धा चालतं. तिथे राहण्याची अट नाही, भाषेची परीक्षा नाही. आणि ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागत नाही, कारण 1948 च्या कायद्यापासून ब्रिटनला आपल्या माणसाच्या दुसऱ्या पासपोर्टचं काही वाटेनासं झालंय. राग आला, दुसरा देश घेतला, पहिलाही खिशात राहिला. म्हणजे काडीमोड नाहीच, दुसरं घर भाड्याने घेतल्यासारखं.

पण आजी सापडायला हवी ना! बाईंना माहीत होतं एवढंच: आजी मेयो परगण्यातली, नाव ब्रिजेट. मेयोत ब्रिजेट शोधणं म्हणजे मालवणात गावडे शोधण्यासारखं. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद 1864 पासून सुरू झाली. शिवाय 1901 आणि 1911 च्या जनगणनेचे कागद इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, अगदी कुटुंबप्रमुखाच्या हातच्या सहीसकट. त्या आधीच्या जनगणनांचं विचारू नका. काही सरकारनेच रद्दीत घातल्या, आणि उरलेल्या 1922 साली यादवी युद्धात डब्लिनचं दफ्तर जळालं त्यात गेल्या.

आम्ही तीन शनिवार बसलो. एक ब्रिजेट सापडली, आईबापांची नावं जुळली, गाव जुळलं. पण चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा 9 मार्चला आणि सरकारी वहीत जन्म 2 एप्रिलला! जन्माच्या आधी बाप्तिस्मा. बाई हिरमुसल्या, ही आपली नव्हे म्हणाल्या. मला मात्र हसू आवरेना. जन्माची नोंद उशिरा केली तर तिथे दंड पडायचा, म्हणून शेतकरी बाप कचेरीत जायचा तेव्हा सोयीची तारीख सांगून मोकळा व्हायचा. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे माझ्या वर्गातली निम्मी मुलं 1 जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती जन्मतारीख. (ते सर हसतायत, बघा.) अर्जाला सरकारी तारीख चालते. देवाघरची तारीख कुणी विचारत नाही.

मग कागदांची माळ ओवायची. आजीचा जन्मदाखला, आजीचा विवाहदाखला, तिच्या मुलाचा म्हणजे बाईंच्या वडिलांचा जन्मदाखला, लग्नाचा, मृत्यूचा, मग बाईंचा स्वतःचा. सगळे मूळ. अर्जावर सही करायची ती ओळखीच्या डॉक्टर, वकील अशा कुणासमोर. 278 युरो शुल्क. मी तो अर्ज त्यांच्याबरोबर ओळ न् ओळ वाचला. नाव, गाव, लग्न, मृत्यू, सगळ्याला रकाना आहे. तुम्हाला हे नागरिकत्व का हवंय, ह्याला रकाना नाही. ज्या रागापायी बाई तीन शनिवार माझ्याकडे बसल्या, तो राग लिहायला त्या कागदावर अर्धी ओळसुद्धा नव्हती. ब्रिजेट कुठे जन्मली तेवढं सांगा.

हे लक्षात आल्यावर मी पुढच्या प्रत्येक माणसाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. राग सगळ्यांनाच होता, आजी मात्र काहींनाच होती. माझ्या सहकारी ग्रंथपालाने तर बाईंहून जास्त थयथयाट केला. पण त्याच्या पाच पिढ्या त्याच परगण्यातल्या. त्याला कोण विचारतो?

आणि ज्यांना राग नव्हता त्यांचं काय? उत्तर आयर्लंडमध्ये इयान पेस्ली धाकटे म्हणून खासदार होते. बाहेर पडा म्हणून प्रचार करणारे, ब्रिटनशी एकनिष्ठ पक्षाचे. निकालानंतर त्यांच्या मतदारांनी विचारलं, आयरिश पासपोर्टचं काय करू? त्यांनी जाहीर सल्ला दिला, दुसरा पासपोर्ट मिळत असेल तर घेऊन टाका. बेलफास्टच्या टपाल कचेऱ्यांत आयरिश पासपोर्टचे फॉर्म संपले होते म्हणे, तेव्हाची ही गोष्ट. उत्तर आयर्लंडच्या लोकांना ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही असण्याचा हक्क 1998 च्या शांतता करारानेच दिलाय, त्यामुळे त्यात बेकायदा काही नाही. दुसरं उदाहरण बोरिस जॉन्सन यांचं. ज्यांनी देश युरोपबाहेर काढला त्यांचे वडील स्टॅन्ली जॉन्सन 2022 मध्ये फ्रेंच नागरिक झाले. त्यांची आई फ्रान्सची. अर्जात मुलाचं काम काय विचारत नाहीत हेही बरंच आहे.

मनापासून रागावून गेलेला माणूस बघायचा तर जॉन ल कारे. हेरकथा लिहिणारे, स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात काम केलेले, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. त्यांची आजी कॉर्क परगण्यातली होती. त्यांनी आयरिश नागरिकत्व घेतलं आणि डिसेंबर 2020 मध्ये ते वारले. त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं की शेवटच्या वाढदिवसाच्या फोटोत वडील आयर्लंडचा झेंडा अंगाभोवती गुंडाळून बसलेत. ज्याने ब्रिटनसाठी हेरगिरी केली त्याने असं करावं, ह्यात मला नाटक दिसत नाही. पण मरेपर्यंत राहिले ते इंग्लंडातच, कॉर्नवॉलला.

कारण जायचंय कुणाला? आयर्लंडमध्ये राहायला ब्रिटिश माणसाला आयरिश पासपोर्ट लागतच नाही. दोन्ही देशांत जुनी मुक्त ये-जा आहे. उद्या सामान घेऊन डब्लिनला जा, नोकरी करा. आयरिश पासपोर्ट उपयोगी पडतो तो उरलेल्या युरोपात, म्हणजे स्पेनमधल्या घरात 180 दिवसांत 90 पेक्षा जास्त दिवस राहायला. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'जायचं नाहीये गं. जाता येईल एवढंच हवंय.' मला ते प्रामाणिक वाटलं.

एक प्रकार मात्र असा होता की तिथे माझी थट्टा थांबली. एक म्हातारे गृहस्थ आले, ज्यू. त्यांची आई लहानपणी जर्मनीतून इंग्लंडात आलेली. नोव्हेंबर 1941 मध्ये नाझी सरकारने एक फर्मान काढून देशाबाहेरच्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं होतं. म्हणून आजच्या जर्मनीच्या घटनेत 116 वं कलम आहे. 30 जानेवारी 1933 ते 8 मे 1945 ह्या काळात ज्यांचं नागरिकत्व वंश, धर्म किंवा राजकारणापायी हिरावलं गेलं, ते आणि त्यांचे वंशज ते परत मागू शकतात. ब्रिटनमधून असे अर्ज 2015 मध्ये अवघे 43 आले होते. 2018 मध्ये 1,500 च्या वर गेले. ह्या गृहस्थांनी कागद पुढे ठेवले आणि दोन तास नुसते बसून राहिले. शेवटी म्हणाले, आईने मरेपर्यंत जर्मन शब्द तोंडातून काढला नाही. अर्ज भरला का, ते मी विचारलं नाही. पुन्हा ते आले नाहीत.

आता आपल्या अंगणात येते. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं मोठ्या संख्येने आहेत, हे इथे मी सांगायला नको. प्रत्येकाचा कुणी ना कुणी तिथे आहेच. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज होता येतं. पोर्तुगाल 1986 मध्ये युरोपच्या संघटनेत गेला म्हणून त्या कागदाला भाव आला. त्यात राग वगैरे काही नाही, गोदामातली नोकरी आहे, मुलांची शाळा आहे. पेडण्याचा एक जण पुस्तकं बदलायला यायचा, त्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं, 'तुजो पासपोर्ट खंयचो?' मी म्हटलं, आपलाच. तर म्हणाला, 'अरे देवा, तू पलतडची!'

पलतडची म्हणजे नदीपलीकडची, त्याच्या बाजूने बघता. म्हणजे आपल्या ह्या काठची. तेरेखोलच्या खाडीवर उभं राहिलं की कळतं ही काय गंमत आहे. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या आपल्या बाजूला आहे, चालत जाता येतं, पण तो गोव्यात. त्या गावात माझी आजी जन्मली असती तर आज मी युरोपियन असते. ती जन्मली रेडीला, तीनेक मैलांवर. गोव्याच्या बाहेर.

पण सार्वमताच्या दिवशी काय झालं ऐका. त्या मतदानाला ब्रिटिशांबरोबर राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे राहणारे नागरिकही पात्र होते. म्हणजे भारताचा पासपोर्ट घेऊन मी मत दिलं. युरोपीय नागरिकांना, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून, मत नव्हतं. पेडण्याच्या त्या माणसाने भारताचा पासपोर्ट देऊन युरोपचा घेतला होता, त्यामुळे ज्याचं पोट त्या निकालावर त्याला मत नाही, आणि मला आहे! तो माझ्याबरोबर मतदान केंद्रापर्यंत आला आणि बाहेर सिगारेट ओढत उभा राहिला. स्विंडनने बाहेर पडायचा कौल दिला. पुढे 2020 अखेरपर्यंत आलेल्यांना वेगळा अर्ज करून तिथे राहता आलं, तोही राहिला. त्याच्या धाकट्या भावाने पासपोर्ट मात्र 2021 मध्ये काढला. पोर्तुगीज आहे, पण स्विंडनची वाट बंद.

आपल्याकडे हे दोन खिशांचं प्रकरण चालत नाही. घटनेचं नववं कलम, आणि योगायोगाने 1955 च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम: स्वखुशीने दुसरीकडचे झालात की इथले उरला नाहीत. मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं. त्याला लोक हौसेने दुहेरी नागरिकत्व म्हणतात, पण त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. 2022 मध्ये 2,25,620 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, असं सरकारने राज्यसभेत सांगितलं. का सोडलं, ह्यावर सरकारचं उत्तर, कारणं वैयक्तिक. पुन्हा तोच रिकामा रकाना. त्यातले किती रागाने गेले, किती पगाराने, किती बायकोच्या आग्रहाने, हा हिशेब कुणाकडेच नाही. आणि 'मी सरकारला कंटाळून गेलो' असं पुण्याला सुट्टीवर येऊन सांगणारे मला भेटतात, तेव्हा मी त्यांना तारीख विचारते. बहुतेक जण ते सरकार यायच्या आधीच गेलेले असतात.

माझा पासपोर्ट अजून इथलाच आहे. तत्त्व वगैरे नाही. सोडायचा म्हटलं की आईच्या नावाचा सातबारा डोळ्यांपुढे येतो, आणि ठेवायचा म्हटलं की विमानतळावरची रांग. दर वर्षी ठरवते, पुढच्या वर्षी बघू.

शेजारच्या बाईंचं राहिलं. त्यांना नोंदणीचं पत्र आलं, मग पासपोर्ट आला. तो त्यांनी मला दाखवला आणि चहाच्या डब्यांमागे, जिथे त्या विम्याचे कागद ठेवतात, तिथे ठेवून दिला. घर तेच, बाग तीच. गेल्या निवडणुकीत त्यांनी दारोदार पत्रकं वाटली.

मध्यंतरी त्यांचा भाऊ आला होता. हा बाहेर पडा म्हणून मत दिलेला, त्यावरून दोघं दोन वर्षं बोलत नव्हती. त्याने स्पेनला घर घेतलंय. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, ब्रिजेटचे ते कागद तुझ्याकडे आहेत ना, जरा देतेस का? आजी काय, दोघांचीच. बाई उठल्या, एका चिठ्ठीवर आयर्लंडच्या नोंदणी कचेरीचा पत्ता लिहिला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाल्या, वीस युरो पडतात एका दाखल्याला. टपालखर्च वेगळा.