बकेट लागण्याआधी : सांगलीच्या रस्त्यांखालील वाहिन्यांचा शोध

दृश्य : सांगली-मिरज रस्ता, विश्रामबाग. रस्त्याच्या कडेला जेसीबी उभा आहे आणि त्याची बकेट जमिनीवर टेकलेली आहे.

सांगली आणि मिरज ही 1948 पर्यंत दोन स्वतंत्र संस्थाने होती आणि कुपवाडसह त्यांची एकच महानगरपालिका झाली ती 1998 मध्ये. त्यामुळे या रस्त्यांखाली जे पुरले गेले आहे, ते कोणा एकाच्या आराखड्याप्रमाणे पुरलेले नाही. जुनी जलवाहिनी, तिला छेदून गेलेली ड्रेनेज लाइन, महावितरणची 11 केव्हीची (किलोव्होल्टची) केबल, पथदिव्यांची केबल, ऑप्टिकल फायबर आणि घरोघरचे नळजोड हे सारे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठेकेदारांनी, मिळेल त्या जागेतून नेलेले आहे. इमारतीचा पाया असो की नवी वाहिनी, चर खणण्याआधी या सगळ्यांचा माग काढावा लागतो.

हा माग कागदापासून सुरू होतो. जानेवारी 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनी, ज्या खोदकामाने दूरसंचार वाहिन्यांना धक्का पोहोचू शकतो, त्याची सूचना सामाईक पोर्टलवर आधी देणे बंधनकारक केले. त्यासाठीचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप त्याच वर्षी 22 मार्चला सुरू झाले. मात्र एखाद्या वाड्याचा जुना नळजोड कोणत्याही पोर्टलवर सापडणार नाही. तो ठाऊक असतो त्या भागातले पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला. म्हणून व्हॉल्व्हमन आणि लाइनमन या दोघांना जागेवर बोलवावे, चेंबरची झाकणे, फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजवाटप पेट्या) आणि डांबरावरची जुनी ठिगळे त्यांच्यासोबत पाहावीत आणि ते सांगतील त्या रेषेवर फक्की मारून घ्यावी. या माणसांची आठवण हे शहराचे मोलाचे दप्तर आहे आणि ही माणसे निवृत्त होण्याआधी ती कागदावर उतरवून घेतली पाहिजे, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते.

खोलीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. आयएस 1255 या भारतीय मानकानुसार कमी दाबाची केबल जमिनीखाली 0.75 मीटरवर, 11 केव्हीपर्यंतची 0.9 मीटरवर आणि 33 केव्हीची 1.05 मीटरवर असायला हवी. पण ही खोली केबल टाकली त्या दिवशीच्या जमिनीपासून मोजलेली असते. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढतात, कुठे गटारासाठी कडेची माती उतरवली जाते आणि 2005, 2019 किंवा 2021 सारखा महापूर नदीकाठच्या भागात गाळ टाकून जातो. शिवाय कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते आणि या हालचालीने नळांचे सांधे सरकतात. नकाशावर 0.9 मीटर लिहिले आहे म्हणून अर्ध्या मीटरपर्यंत बकेट निर्धास्त चालवणे हा धोका कोणीही पत्करू नये.

दृश्य : केबल लोकेटर हातात धरून एक कामगार फक्कीच्या रेषेला आडवा चालत आहे.

केबलमधून वीज वाहत असली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि लोकेटर ते टिपतो. पण ज्या केबलमधून त्या क्षणी वीज वाहत नाही, तिच्याबाबत हा लोकेटर गप्प राहतो. पथदिव्यांची केबल दिवसा अशीच शांत असते. सकाळी यंत्राने ‘काही नाही’ असे दाखवलेल्या जागीच ती असू शकते आणि संध्याकाळी दिवे लागताच तिच्यात प्रवाह सुरू होतो. तीन तारांतून (फेजमधून) वीज नेणाऱ्या थ्री फेज केबलमध्ये तिन्ही फेजवरचा भार समसमान असेल, तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी खोडून काढतात आणि संकेत क्षीण होतो. म्हणून फीडर पिलरजवळ ट्रान्समीटर जोडून केबलवर स्वतंत्र सिग्नल सोडावा आणि तो जमिनीवरून शोधत जावा. प्लास्टिकचा नळ मात्र या यंत्राला मुळीच दिसत नाही, त्याच्यासोबत माग काढण्याची तार पुरलेली असली तरच तो सापडतो.

अशा वेळी जमिनीत रेडिओलहरी सोडणारे जीपीआर यंत्र आणले जाते. साताऱ्याकडच्या कोरड्या मुरमाड जमिनीत त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो. सांगलीच्या ओल्या काळ्या मातीत मात्र चिकणमातीचे प्रमाण इतके असते की लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात आणि पडद्यावरचे रिकामे चित्र रिकाम्या जमिनीचा पुरावा ठरत नाही.

म्हणून शेवटचा निर्णय चाचणी खड्ड्यानेच करावा लागतो. फक्कीच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर यंत्र चालवू नये. तिथे फावड्याने, बाजूने आत सरकत, हळूहळू माती काढावी. टिकाव आणि पहार यांचा घाव थेट वाहिनीवर बसू शकतो. खणताना मातीकडे सतत लक्ष हवे. अस्पर्श काळ्या मातीत मुरमाचा किंवा वाळूचा पट्टा लागला, तर तिथे पूर्वी कोणीतरी चर खणलेला आहे असे धरून चालावे आणि वाळूवर विटांचा थर दिसला, तर खाली केबल आहे असे समजूनच हात थांबवावा. वाहिनी डोळ्यांना दिसेपर्यंत तिची जागा ठरली असे म्हणता येत नाही. या खड्ड्यांचे पैसे आणि वेळ निविदेतच स्वतंत्रपणे धरायला हवेत, कारण ते धरले नाहीत तर घाईत सर्वात आधी तेच गाळले जातात. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार लावल्याशिवाय कोणालाही खाली उतरवू नये.

इतके करूनही केबलला बकेट लागलीच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे, बाकीच्यांनी लांब जावे आणि वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ येऊ नये. महावितरणचा क्रमांक 1912 आहे. गॅसचा वास आला, तर यंत्र बंद करून वाऱ्याच्या दिशेविरुद्ध दूर जावे आणि तिथून फोन करावा. जलवाहिनी फुटणे हे अनेकांना किरकोळ वाटते. पण जिथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तिथे पाणी थांबल्यावर नळातला दाब उतरतो, शेजारच्या ड्रेनेजचे पाणी त्याच भेगेतून आत ओढले जाते आणि आजार साऱ्या गल्लीत पसरू शकतो. केबलचे नुसते आवरण खरचटले तरी ते झाकून टाकू नये. त्यातून ओल शिरते आणि केबल काही महिन्यांनी निकामी होऊ शकते.

दृश्य : चर बुजवण्यापूर्वी दोन कामगार टेपने अंतर मोजत आहेत.

चर बुजवताना वाहिनीभोवती वाळू आणि वर इशारापट्टी टाकावी. त्याआधी कंपाउंडचा कोपरा आणि विजेचा खांब अशा दोन कायम खुणांपासूनची अंतरे व खोली मोजून, उघड्या वाहिनीचे छायाचित्र काढून, ती नोंद प्रभाग कार्यालयात आणि वाहिनीच्या मालकाकडे द्यावी. ही नोंद पोहोचल्याशिवाय ठेकेदाराचे अखेरचे बिल मंजूर होऊ नये, अशी अट करारातच घालता येते.