वाळलास की रे!

अध्यक्ष महोदय आणि मित्रांनो, पत्रिकेवर विषय लई भारदस्त छापलाय, 'प्रौढांची शरीरप्रतिमा आणि समाज'. घाबरू नका. माझं म्हणणं एवढंच, आपलं अंग आपण आपल्या डोळ्यानं बघतच नाही, चारचौघांच्या डोळ्यानं बघतो. आता पोरं म्हणतील चारचौघं म्हणजे इन्स्टाग्राम (मागची रांग हसायली, त्यांना बरोबर कळलंय). पण आमच्याकडं ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरा, ओळखीचा माणूस रामराम घालायच्या आधी म्हणतो, "वाळलास की रे!" नाहीतर, "सर, पोट सुटलं की!" काट्याबिट्याची गरज नाही.

आमच्या घरातलंच बघा. गावाकडं गेलो की आई म्हणते वाळलास, आणि त्याच संध्याकाळी बायको म्हणते शर्टाची बटणं ताणायलीत. शर्ट तोच, पोट तेच. आईनं १९७२ चा दुष्काळ काढलाय, खडी फोडलीय, रेशनचा मिलो म्हणजे ती लाल ज्वारी खाल्लीय, सुकडी खाल्लीय. तिला भरलेलं अंग दिसलं की घरात जोंधळा आहे असं वाटतं. बायको माझ्यासोबत शुगर तपासायच्या रांगेत बसून आलेली. आता मी कुणाचं धरू? मी दोघींचंही ऐकून जेवतो.

आता बॅनरचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. वाढदिवसाला विद्यार्थ्यांनी चौकात माझा बॅनर लावला. एका बाजूला भावी नगरसेवक, दुसऱ्या बाजूला दहावीच्या क्लासची जाहिरात, मधी मी. मी म्हणजे काय, रंग गोरापान, मान उंच, ढेरी गायब, आणि अंगात एक निळा ब्लेझर जो मी जन्मात घातलेला नाही. शेजारचे गृहस्थ बराच वेळ बघत उभे राहिले आणि मलाच विचारलं, "सर, ह्यात तुम्ही कोणते?" मी तडक त्या डिजिटलवाल्याकडं गेलो, म्हटलं हे काय केलंस. पोरगं मान वर न करता म्हणलं, "सर, सगळ्यांनाच करतो. मागं एकाचा हाय तसा छापला, त्यानं पैसेच दिले नाहीत. म्हणला हा मी नाहीच." बोला! गंमत म्हणजे तो बॅनर चौकात होता तोवर मला घरी दाढी करताना आरशातला माणूस जरा काळाच वाटायला लागला, सुजल्यासारखा पण वाटायला लागला, आणि माझं मलाच हसू आलं. पुढं बायकोनं तो बॅनर सोयाबीनच्या गंजीवर टाकला. अवकाळी आला तेव्हा अख्ख्या गंजीवर मीच पसरलेलो, गोरापान.

गोरेपणावरून आठवलं, १९७५ साली आलेल्या त्या फेअर अँड लव्हलीच्या नावातनं २०२० साली 'फेअर' काढलं, लई चर्चा झाली. आपल्या बायोडाटातलं 'रंग गोरा, बांधा सडपातळ' कोण काढणार? वधू-वर मेळाव्यात तिशीतल्या पोरी स्टेजवर उभ्या राहून हे माईकवर सांगतात. पोरं मात्र पगार सांगतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणायलेत, म्हणजे पाच. मग आता खरं व्याख्यान, पळत पळत.

लिऑन फेस्टिंगर, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, १९५४. मोजायला पक्कं माप नसलं की माणूस शेजाऱ्याशी तुलना करून स्वतःला जोखतो, असं त्याचं म्हणणं. दुसरं, १९८५, फॅलन आणि रोझिन. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरापोरींना बारीक ते जाड अशी चित्रं दाखवली. पुरुषांना वाटलं आपण जसे आहोत तसे जवळपास ठीकच आहोत (हे मात्र आपल्याकडं पटतंय). बायकांना बारीक व्हायचं होतं, आणि पुरुषांना किती बारीक आवडतं हा त्यांचा अंदाज पुरुषांनी खरंच सांगितलं त्याच्यापेक्षा बारीक निघाला. म्हणजे चारचौघांचा डोळा म्हणतो तो पण अंदाजपंचेच! तिसरं फिजी बेट. तिथं भरलेलं अंग चांगलं मानायचे, आपल्यासारखंच कुणी वाळलं की काळजी करायचे. १९९५ साली नाद्रोगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर नावाच्या संशोधक बाईंनी १९९८ मध्ये शाळेतल्या पोरींना विचारलं, तर ७४ टक्के म्हणाल्या, कधी ना कधी आपण जाड आहोत असं वाटतं. आपला विषय मोठ्या माणसांचा आहे हे मान्य, पण त्या पोरीही आता चाळिशीत आल्या असतील.

एक शेवटचं, सर, एकच मिनिट. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच २२.३, फोटोत दोघंही सडपातळ. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२. 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी नियतकालिकात २००४ साली छापून आलंय. म्हणजे "वाळलास की" म्हणणारा पण फसतो आणि ऐकून खूश होणारा पण. म्हणून घरी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सोडून. आपल्याकडं पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्याच्या वर गेलं तर डॉक्टरला दाखवा. आणि कृपा करून मला पँटीचा नंबर सांगू नका, पँट आपण सगळे पोटाच्या खाली घालतो.