वैशाखातली सहाण

[जवळून: काळ्या दगडाची सहाण. तिच्यावर पाण्याचे चार-पाच थेंब पडतात.]

पाणी एवढंच. याहून जास्त घातलं तर गंध पातळ होतं आणि कपाळावरून नाकावर उतरतं. कमी पडलं तर चंदनाचं खोड दगडाला धरतं, कुरकुरतं. आता आजींचा हात बघा. खोड उभं धरलंय, मनगट सैल आहे आणि फिरवणं गोल, एकाच दिशेनं. जोर अजिबात नाही. जोर लावला की भरड निघते, आणि भरड चंदन कपाळाला टोचतं.

पहिली काही मिनिटं हाती काही लागत नाही. मग पाण्याला दुधी झाक येते. आणखी थोड्या वेळानं रंग फिकट पिवळ्यावर जातो, आणि तेव्हा कुठे वास सुटतो. बोटाच्या कडेनं सगळं मधे ओढायचं, पुन्हा दोन थेंब, पुन्हा खोड. चक्क्याइतकं घट्ट झालं की थांबायचं.

[आजींचा आवाज]
"घाईचं काम नाई बाप्पा हे. घाई असंन त पुडी आना दुकानातून."

अमरावती जिल्ह्यातला मोर्शी तालुका. मागे सातपुड्याची रांग, पुढे संत्र्याच्या बागा. मे महिना, दुपारचे दोन वाजलेत. विदर्भात या दिवसांत पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि नवतप्याचे नऊ कडक उन्हाचे दिवस लागले की माणसं घरातसुद्धा सावली शोधतात. या गावात चंदन ही चैनीची वस्तू नाही. कांदा, कैरीचं पन्हं, माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं आणि सहाणेवरचं चंदन, असा हा उन्हाळ्याचा सगळा सरंजाम.

[देवघराचा कोनाडा. दोन सहाणा शेजारी शेजारी, एक मोठी, एक तळहाताएवढी.]

सहाणा दोन का, असं विचारल्यावर आजी आमच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.

[आजींचा आवाज]
"एक देवाची, एक लेकराची. देवाच्या सहानीवर वेखंड उगायलं त देवाले वास येईन ना त्याचा!"

लहान सहाण बाळगुटीची. हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, मुरुडशेंग. एकेकाचे मोजके वेढे. तान्ह्या बाळाला कशाचे किती, याचा हिशेब बाळाचा महिना आणि पोट बघून ठरायचा. आता डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका म्हणतात, त्यामुळे गुटीची सहाण बरीचशी कोरडीच असते. मोठी मात्र अजून रोज ओली होते.

[दगडाचा मधला भाग, झिजून खोलगट झालेला. बाजूला चंदनाचं खोड, टोक तिरकं.]

खोड आजींच्या सासूबाईंचं. टोक एका बाजूनं उतरलंय, कारण धरणारे हात बदलले तरी धरायची पद्धत बदलली नाही. करंगळीपेक्षा थोडं जाड असलेलं हे लाकूड एका घराला दोन पिढ्या पुरलं. चंदन किलोवर विकत घ्यायची वस्तू आहे, हे डोक्यात बसलेल्यांनी हा तुकडा नीट बघावा.

[सुनेच्या कपाळावर लेप. बोटं भुवईपासून वर जातात.]

डोकं उन्हानं ठणकत असेल तर कपाळावर. घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं, तर कपाळावर आणि टाळूवर, शिवाय मान किंचित पुढे झुकवून नाकपुड्या दाबून धरायच्या. लहान मुलांच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठल्या, तर गुलाबपाण्यात उगाळून. लघवीला जळजळ होते, ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात, तेव्हा चंदन तांदळाच्या धुवणात उगाळून, वर खडीसाखर घालून पोटात देतात. धने-जिऱ्याचं पाणी त्याच्या जोडीला असतंच.

ही घरगुती अक्कल एकटीदुकटी नाही. चरकसंहितेत औषधांचे दहा-दहाचे गट आहेत. आग शमवणाऱ्या गटात चंदन आहे, खाज घालवणाऱ्या गटात आहे, वर्ण उजळणाऱ्या गटात आहे आणि तहान भागवणाऱ्या गटातही आहे. तापात तहान थांबत नाही तेव्हा देतात ते षडंगपानीय म्हणजे नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी. शहरातल्या आयुर्वेदिक दुकानात ते भरड्याच्या पुडीत मिळतं. आजींनी चरक ऐकलेला नाही. त्यांची यादी मात्र बरीचशी तीच आहे.

[लेप वाळतो. कडेला बारीक भेगा. सून तो ओल्या फडक्यानं पुसते.]

आता हे बारकाईनं बघा. लेप पातळ आहे, आणि वाळून ओढायला लागला की लगेच पुसला. यामागे कारण आहे. लेपातलं पाणी उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. थर जाड दिला तर तीच उष्णता आत कोंडते. चरकानं चिकित्सास्थानात हे स्वच्छ सांगितलंय: बारीक वाटलेल्या चंदनाचाही लेप जाड दिला तर तो आग करतो. रीलमध्ये तोंडावर बोटभर जाडीचे चंदनाचे मुखवटे चढवून अर्धा अर्धा तास बसणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर सहाण शोधत बसू नये. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखान्यात न्यावं.

[गावातलं विठ्ठल मंदिर. सभामंडपात बायका ओळीनं बसल्या आहेत. प्रत्येकीसमोर सहाण. एकाच लयीत फिरणारे हात.]

पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठल-रुक्मिणीला चंदनाची उटी लावतात. देवालाही उन्हाळा सोसत नाही, अशी ही भक्ती. रुक्मिणीचं माहेर मानलेलं कौंडण्यपूर इथून फार लांब नाही, वर्धा नदीच्या काठावर. त्यामुळे रुक्मिणीच्या उटीबद्दल इथल्या बायका जरा हक्कानंच बोलतात. लेकीला माहेरची माणसं लावतात तशी ती लावायची असते.

मूर्तीला पुरेल एवढी उटी एका सहाणेवर होत नाही. म्हणून दुपारची जेवणं आटोपली की ज्या त्या घरातली सहाण मंदिरात येते. पाणी वाळ्याचं, आदल्या रात्री भिजत घातलेलं. एकीचं दमलं की दुसरी खोड घेते. गप्पा चालू, अभंग चालू, सुनांची उणीदुणी चालू, आणि हात मात्र कुणाचाही थांबलेला नाही. जमलेलं चंदन पितळेच्या वाटीत निपटून घेतात. इतक्या हातांमधून संध्याकाळी भरते ती एकच वाटी.

[पुजारी मूर्तीला उटी लावतात. काळ्या पाषाणावर पिवळसर थर.]

[सकाळ. उतरवलेल्या उटीच्या छोट्या गोळ्या हातांवर ठेवल्या जातात.]

दुसऱ्या दिवशी उतरवलेली उटी प्रसाद म्हणून वाटतात. थोडी कपाळाला लागते. उरलेली घरी जाते आणि पाण्यात कालवून घामोळ्या आलेल्या पोरांच्या पाठीवर चढते. देवाचं आणि औषधाचं एकमेकांत मिसळायचं नाही, हा सहाणेचा नियम इथे मोडतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

[स्वयंपाकघर. पत्र्याचा डबा उघडतो. आत केशरी पूड.]

मोर्शी-वरूडच्या घरात उटण्याचा डबा उघडला की पहिला वास संत्र्याचा येतो. वाळवून कुटलेली संत्र्याची साल हा इथल्या उटण्याचा पाया. तिच्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, मसूर डाळीचं पीठ. चंदनाची पूड सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडी. दिवाळीच्या अभ्यंगाला हे दुधात कालवतात. लग्नघरात नवरीच्या उटण्यात वायगावची हळद पडते. वर्धा जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, गर्द पिवळी. मुरमांवर हळद आणि उगाळलेलं चंदन, काळवंडलेल्या मानेवर दुधाच्या सायीत चंदन. ज्या मुलीनं आम्हाला हा डबा दाखवला ती अमरावतीला कॉलेजात शिकते. ती फेसवॉशही वापरते आणि हेही वापरते. कोणत्यानं फरक पडला, असं विचारलं तर हसते. एक गोष्ट तिनं नीट सांगितली: नवीन काहीही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघायचं, मग तोंडाला. चंदनही काहींच्या कातडीला सोसत नाही.

[आठवडी बाजार. पूजासाहित्याचं दुकान. चंदनाच्या नावाच्या पुड्या, तांबडं लाकूड.]

बाजारात वेगळाच घोळ असतो. हे तांबडं लाकूड रक्तचंदन. त्याचं झाड वेगळं, कूळ वेगळं, गावही वेगळं. ते आंध्रच्या शेषाचलम डोंगराकडचं. त्याला चंदनाचा वास नाही. मुका मार लागला, सूज आली की उगाळून लावायला ते घरात हवं, पण सुगंधासाठी घेतलं तर पैसे पाण्यात. आणि पिवळ्या पुडीतली स्वस्त पूड? भुसा कशाचाही असतो, वास बाटलीतला असतो.

खरं खोड ओळखायची जुनी कसोटी भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिलेली आहे. चव कडवट, घासल्यावर पिवळं, कापल्यावर आतून तांबूस, वरून पांढरं, गाठी आणि पोकळ्या असलेलं. आजींनी कॅमेऱ्यासमोर दुकानातलं खोड जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवलं. दुकानदार हसला. वाद घातला नाही.

[शेत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंब, बोर आणि त्यांच्यात एक किडकिडीत झाड.]

आणि हे ते झाड. चंदन. ज्याला सगळे गंधासाठी ओळखतात, त्याचं पान चुरगाळून बघा. काही वास नाही. फुलाला नाही, सालीला नाही. वास फक्त गाभ्यात आणि मुळात. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचंच. गाभा धरायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि चांगला भरायला पंचवीस-तीस. सुगंध ज्याच्यामुळे, ते तेल तिथेच साठतं. बुंध्याला साप वेटोळे घालून असतात म्हणे. आम्हाला दिसला तो एक सरडा.

[बुलबुल. काळी, मण्याएवढी फळं.]

धुऱ्यावर हे कुणी लावलं नाही. फळं बुलबुल खातात आणि बी दुसऱ्या झाडाखाली टाकतात. चंदनाला तेच हवं असतं, कारण ते एकट्यानं नीट वाढत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी, खनिजं ओढतात. अन्न स्वतःच्या पानांत बनवतं, बाकीचं उसनं. म्हणून धुरा साफ करून, सगळी झाडं काढून एकटं चंदन ठेवणाऱ्याचं चंदन रोडावतं. शेतकऱ्यांच्या जुन्या पिढीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण धुऱ्यावरचं बोर, करंज, बाभूळ त्यांनी तोडलं नाही, आणि चंदन जगलं.

[जवळून: बुंध्यावर बोटाएवढं गोल भोक.]

हे गिरमिटाचं भोक. गाभा तयार आहे का, हे चोर आधी असं तपासून जातात. पुढच्या धुऱ्यावर नुसता बुडखा आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत हे झाड १९९८ पासून असुरक्षित म्हणून नोंदलेलं आहे.

टिपू सुलतानानं १७९२ मध्ये म्हैसूरमध्ये चंदन राजवृक्ष ठरवलं, तेव्हापासून झाड कुणाच्याही शेतात असो, मालक सरकारच, अशी तिकडची रीत झाली. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारं लाकूड अडकलं, म्हणून १९१६ मध्ये म्हैसूरला तेलाचा कारखाना निघाला. कर्नाटक, तामिळनाडूनं शेतकऱ्याला मालकी दिली ती २००१-०२ मध्ये. महाराष्ट्रात चंदन १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. आपल्याच शेतातलं तोडायचं तरी परवानगी लागते. कागद फार, चोराला मात्र एकही लागत नाही, असं इथले शेतकरी म्हणतात.

[घरामागची सावली. काळ्या पिशव्यांमधली रोपं. प्रत्येकीत दोन झाडं.]

आजींच्या मुलानं रोपं केली आहेत. बी लवकर उगवत नाही, महिना-दोन महिने वाट बघायला लावतं. प्रत्येक पिशवीत चंदनासोबत तुरीचा एक दाणा. तूर फुटली की तिच्या मुळांवर चंदन पोसतं. ती फार उंच झाली तर चंदनावर सावली धरते, म्हणून शेंडा खुडत राहायचा. हे काम सकाळी नातवाकडे असतं. तो खुडलेले शेंडे शेळीला घालतो, त्यामुळे काम चुकवत नाही.

[धुऱ्यावर खणलेले खड्डे.]

खड्डे तयार आहेत. लावल्यावर सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यायची, म्हणजे पुढे तोडायच्या परवानगीला अडत नाही. मृगाचा पाऊस चांगला झाला की रोपं जमिनीत जातील. तूर फार तर वर्षभराची सोबतीण. चंदनाला कायमचं शेजारी झाड लागतं. आजींचा मुलगा म्हणतो करंज, नातू म्हणतो सुरू, कारण सुरूचं लाकूड मधल्या काळात विकता येतं. आम्ही निघालो तेव्हा दोघांचं यावर काही ठरलेलं नव्हतं.