बाळी, दांडी आणि आटे

[पडद्यावर: काळ्या कापडावर स्टीलची एक बाळी, अगदी जवळून]

या बाळीची तार १.६ मिलिमीटर जाड आहे. आतला व्यास जेमतेम १३ मिलिमीटर. नक्षी नाही, खडा नाही, फक्त एक गोळी. सोनाराच्या दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण ती कानासाठी नाहीच, स्तनाग्रासाठी आहे. आणि या मापापर्यंत ती आली, ती अमेरिकेतल्या गे पुरुषांच्या एका लहानशा वर्तुळात.

नोव्हेंबर १९७५. दागिने घडवणारा, स्वतः गे असलेला जिम वॉर्ड लॉस अँजेलिसजवळच्या वेस्ट हॉलिवुडमध्ये राहत्या घरातून एक धंदा सुरू करतो. नाव ‘गॉन्टलेट’. भांडवल डग मॅलॉय या टोपणनावानं वावरणाऱ्या एका पैसेवाल्या हौशी माणसाचं. कॅलिफोर्नियात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध तेव्हा अजून गुन्हाच होते. नवा कायदा मंजूर झाला होता, पण लागू व्हायचा होता १ जानेवारी १९७६ला. अशा काळात शर्टाखाली झाकला जाणारा दागिना सोयीचा होता. ऑफिसात तो दिसत नाही, आणि ज्यानं पाहावा असं वाटतं त्यालाच दाखवता येतो.

अडचण एकच होती. असा दागिना बाजारात मिळत नव्हता.

[पडद्यावर: कुडीची फिरकी उघडणारी बोटं]

लोक कानातलंच वापरायचे. ते का जमत नाही, हे मराठी घरात पटकन कळेल. कुडीच्या दांडीवर आटे असतात आणि मागून फिरकी बसते. मुरलेल्या भोकातून ही दांडी नेली तर काही बिघडत नाही. ताज्या भोकातून नेली तर ते आटे कानशीसारखे आतलं कोवळं मांस खरवडतात. शिवाय दांडी आखूड. टोचल्यावर सूज येते आणि फिरकी मांसात रुतते.

दुसरी चूक तारेच्या जाडीची. बारीक तार आणि वर वजन, म्हणजे कानाची पाळी ओघळणारच. आपल्याकडे त्यावर वेल निघाले, कानाचा भार केसांवर टाकणारे. स्तनाग्राला वेल लावायची सोय नाही. तिथे तारच जाड हवी, म्हणजे ताण रुंद जागेवर पसरतो आणि धातू मांस कापत बाहेर सरकत नाही. भोकही योग्य खोलीवर, स्तनाग्राच्या मुळाशी हवं. फार वरवर टोचलं तर शरीर दागिना हळूहळू बाहेर ढकलतं.

फ्रँकफर्टचा गोंदणकार होर्स्ट श्ट्रेकेनबाख, ज्याला सगळे टॅटू सॅमी म्हणत, त्याच्याकडून वॉर्डला दांडीचा एक वेगळाच प्रकार पाहायला मिळाला. यात आटे दांडीच्या पोटात असतात. बारीक मळसूत्र असतं ते गोळीला. शरीरातून सरकते ती गुळगुळीत दांडी आणि गोळी नंतर बाहेरून बसते. बार्बेल म्हणतात ती हीच. पहिली दांडी मोजलेल्या रुंदीपेक्षा साधारण ३ मिलिमीटर लांब घालायची, सुजेला जागा म्हणून. सूज उतरली की आखूड दांडी घालायची. ही दुसरी पायरी लोक टाळतात. मग लांब दांडी कपड्यात अडकते, हलत राहते आणि भोक तिरकं होतं. स्तनाग्र पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागतं.

[पडद्यावर: तापवलेली तार सळईवर गुंडाळली जाते]

बाळी घडवायला तार तापवून मऊ करायची, सळईवर घट्ट गुंडाळायची आणि वेढे करवतीनं कापायचे. पकडीनं तोडू नये, टोकाला धार राहते. टोकं कानशीनं गोलसर करायची. गोळीला समोरासमोर दोन खळगे पाडायचे. बाळीची फट गोळीपेक्षा किंचित लहान ठेवली की धातूच्या ताणावरच गोळी अडकून बसते, झाळायची गरज नाही. शेवटचं पॉलिश आरशासारखं हवं. डोळ्यांना न दिसणाऱ्या चरेतही लस सुकते आणि बाळी फिरवली की तीच खपली आत ओरबाडते.

चांदी ताज्या जखमेत नको. ती काळवंडते आणि कातडीवर कायमचा डाग ठेवू शकते. सोन्याचा मुलामा उडतो. शरीरात बसवायच्या दर्जाच्या स्टीलमध्येही १३ ते १५ टक्के निकेल असतं. ते घट्ट बांधलेलं असलं तरी निकेलचं वावडं असणाऱ्यांनी टायटेनियम घ्यावं, शस्त्रक्रियेत वापरतात त्या दर्जाचं.

मॅलॉयनं या सगळ्याला एक भारदस्त इतिहासही जोडून दिला. रोमन सैनिक झगा अडकवायला स्तनाग्रांत कड्या घालत, असं त्याच्या पुस्तिकेत होतं. ही कल्पित कथा. झग्याच्या वजनानं काय झालं असतं, ते कुठल्याही सोनाराला विचारा.

त्याच सुमारास युरोपातले कला-दागिनेकारही शरीराशी झोंबत होते. नेदरलँड्सच्या खेइस बाकरनं १९७३मध्ये दंडावर सोन्याची तार इतकी आवळली, की ती काढल्यावर कातडीवर उरलेला वळ हाच दागिना ठरला. ऑस्ट्रियाच्या पेटर स्कुबिकनं १९७५मध्ये, म्हणजे गॉन्टलेटच्याच वर्षी, हाताच्या कातडीखाली स्टीलचा तुकडा शिवून घेतला. कला-दागिन्यांच्या चर्चेत ही दोन नावं हमखास येतात. गॉन्टलेट मात्र टॅटूच्या दुकानांशेजारी ढकललं जातं. आम्हाला ही वाटणी पटत नाही. एका हातावरचा प्रयोग मोठा खराच, पण रोज अंगात वागवता येईल असा दागिना घडवणं अधिक अवघड.

१९८१मध्ये एड्सच्या पहिल्या नोंदी आल्या आणि रक्ताशी संबंध असलेलं प्रत्येक काम नव्यानं तपासावं लागलं. एकदाच वापरायची पोकळ सुई, हातमोजे, १२१ अंशांवर दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेला दागिना. कान टोचायची स्प्रिंगची बंदूक इथे बादच. ती मांस चेचते आणि तिचं प्लॅस्टिक त्या वाफेत टिकत नाही.

आज ट्रान्स पुरुषही, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुषही, हे दागिने मागतात. छातीच्या शस्त्रक्रियेत स्तनाग्र काढून पुन्हा कलम केलं असेल, तर तिथला रक्तपुरवठा आणि स्पर्श दोन्ही बदललेले असतात. शल्यविशारदाला विचारल्याशिवाय तिथे सुई लावू नये.

[पडद्यावर: निळी, सोनेरी, हिरवी होत जाणारी टायटेनियमची दांडी]

आणि रंग. हा रंग लावलेला नाही. क्षाराच्या पाण्यात दांडी धन टोकाला जोडून वीज सोडली, की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो. थराच्या जाडीनुसार प्रकाश रंग दाखवतो: ३० व्होल्टच्या आसपास निळा, ५५-६०ला सोनेरी, त्यापुढे गुलाबी-जांभळा, ९०च्या पुढे हिरवट. बोटाचं तेल राहिलं तर तिथे डाग उठतो.

१९७८च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी चळवळीचा पहिला इंद्रधनुषी झेंडा फडकला, तेव्हा त्याला आठ पट्टे होते. भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना, म्हणून तो पट्टा पुढे गळला, नंतर आणखी एक गळून सहा उरले. टायटेनियमची गोष्ट उलटी. त्यात गुलाबी मिळतो, पण खरा लाल कितीही व्होल्ट दिले तरी येत नाही. झेंड्याचे सहाही रंग हवे असतील तर लालच्या जागी खडा बसवावा लागतो. माणिक वाफेच्या भट्टीत टिकतो. मोती किंवा ओपल तिथे घालू नये.